लपून बसणाऱ्यांची पुस्तके

हणमंत पिसे यांनी आयुष्यात विकत घेतलेले पहिले इंग्रजी पुस्तक बंदुकांचे होते, आणि ते त्यांना वाचता येत नव्हते. कानडी ते सराईतपणे वाचत. देवनागरी अक्षर भजनाच्या पुस्तकापुरते ओळखीचे होते. इंग्रजीशी संबंध होता तो गिऱ्हाइकाच्या छातीचे आणि कमरेचे आकडे लिहिण्याइतकाच. तरीही शाळांच्या गणवेशांची घाई ओसरल्यावर एका दुपारी म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या आपल्या दुकानाचे दार अर्धे ओढून घेऊन ते उपेंद्रच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले आणि कानडीत म्हणाले, "लढाईत लपून बसतात, लांबून एकेकालाच टिपतात, तसल्या शिपायांचं पुस्तक पाहिजे. त्यांच्या बंदुकांचं असलं तरी चालेल."

उपेंद्रने चष्मा कपाळावर चढवला. "मास्टर, ब्लाउज वेळेवर मिळत नाही म्हणून बायका तुम्हाला गोळी घालतील, हे मी समजू शकतो. तुम्ही कुणाला घालणार?"

"आहे का नाही, ते सांग."

"आहे की. कॉलेजची पोरं नेतात. मोबाइलवरचे खेळ खेळून कंटाळा आला की हेच वाचतात. कसलं देऊ?"

"चांगलं."

"चांगलं म्हणजे? फोटोंचं? जाड? पानं न सुटलेलं?"

चांगले कापड कसे ओळखावे हे हणमंतराव झोपेतही सांगू शकले असते. चांगले पुस्तक कशावरून ओळखतात, हा प्रश्न त्यांना आजवर पडलाच नव्हता. उपेंद्रने पुढे केलेले, मुखपृष्ठावर लांब नळीची बंदूक छापलेले जाड पुस्तक त्यांनी घेतले, आणि परतताना ते पिशवीतल्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळले. ज्याच्यापासून ते लपवायचे होते तो त्यांचा मुलगा धनुष दुकानाच्या मागच्या खोलीत इस्त्री करत उभा होता.

म्हैसुरातल्या या मराठी शिंपी घराण्यांचे पूर्वज नेमके कुठल्या काळात, कुणाच्या फौजेमागून सुई-कात्री घेऊन इकडे उतरले, याविषयी घरोघरी वेगवेगळ्या कथा सांगतात. विठ्ठल आणि भाषा मात्र साऱ्यांनी बरोबर आणली. विठ्ठल आहे तसा राहिला. भाषेचे तसे झाले नाही. हणमंतरावांच्या घरात देवाचे, नात्यांचे, स्वयंपाकाचे आणि उपासतापासाचे शब्द मराठी होते. बाजाराचे, कचेरीचे, खेळाचे आणि भांडणाचे कानडी. ही वाटणी कुणी ठरवून केलेली नव्हती आणि तिची अडचणही कधी कुणाला जाणवली नव्हती. घरातली माणसे एकाच वाक्यात या खोलीतून त्या खोलीत जावे तशी एका भाषेतून दुसरीत जात.

धनुष हा या घरातून फौजेत गेलेला पहिला मुलगा. तो निघाला तेव्हा त्याची आई जानकीबाई अंथरुणाला खिळलेली होती. "बाकी काय करू नको," ती म्हणाली होती, "एकादशीचा नेम तेवढा सोडू नको." महिन्याभरात ती गेली. धनुषने मराठी पलटणीत नाव घातले होते. तिथल्या कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मुलांमध्ये राहून त्याची मराठी बदलली, सुट्टीवर आला की तो वडिलांना न कळणारे शब्द बोले आणि हणमंतराव कौतुकाने म्हणत, "अय्यो, आमचं पोरगं पुस्तकातलं बोलायला लागलं!" पलटणीत तो काय करतो, हे त्यांनी कधी विचारले नाही. फौजेतला मुलगा फौजेत असतो, एवढे त्यांना पुरेसे होते.

तो मनातले बोलला असा त्याचा शेवटचा फोन आला तो एका एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. वरच्या सरहद्दीवरून आवाज तुटक येत होता.

"अप्पा," धनुष म्हणाला, "माझा नेम चुकला."

हणमंतरावांना काहीतरी वाईट ऐकावे लागणार अशी धास्ती वाटली होती. ते सुटकेने हसलेच. "आष्टेना? एवढंच ना? मी किती घाबरलो! चुकला तर चुकला. परत धर."

"परत धरू म्हणता?"

"धर की. एकदा चुकला म्हणून कोण सोडतं? आपल्यात धरलेला नेम सोडत नाहीत."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग "बरं" म्हणून धनुषने फोन ठेवला. त्या संध्याकाळी देवळात भजनाला बसताना हणमंतरावांनी ही हकीकत सगळ्यांना सांगितली. आईच्या माघारी, बर्फात, हातात बंदूक असताना पोराला एकादशी चुकल्याची हुरहूर लागते! म्हातारे टाळकरी गहिवरले. कुणीतरी त्यांच्या पाया पडले.

पुढे धनुषचे फोन कमी झाले, मग कामापुरते उरले. आणि गेल्या वर्षी प्रकृतीच्या कारणावरून त्याला घरी पाठवण्यात आले. त्याला कुठे जखम नव्हती. तो जेवत असे, झोपत असे, विचारलेल्याला "हो" किंवा "नाही" म्हणत असे. पहारेकऱ्याच्या दोन चांगल्या नोकऱ्या त्याने हातात बंदूक घ्यावी लागणार म्हणून नाकारल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत तो इस्त्री करी. काम संपले की खिडकीपाशी बसून राही, आणि असा की कठड्यावरची कबुतरे त्याला खिडकीचाच भाग समजत. एकादशीला तो मुद्दाम पोटभर भात खाई. हणमंतरावांनी एकदा त्याच्याकडे नुसते पाहिले, तर त्याने आणखी भात वाढून घेतला.

मग त्याचा एक सोबती, साताऱ्याकडचा, बायकोला घेऊन म्हैसूर बघायला आला आणि पत्ता काढत दुकानात शिरला. "काका, तुमचा धनुष म्हणजे आमचा हिरा होता," तो म्हणाला. "आख्ख्या पलटणीत त्याच्यासारखा स्नायपर झाला नाही." हणमंतरावांनी स्नायपर म्हणजे काय, असे विचारले. सोबती ते हौसेने सांगू लागला. धनुषने इस्त्री उभी करून ठेवली, चपला घातल्या आणि दिवे लागेपर्यंत तो परतला नाही.

त्यानंतर हणमंतरावांनी पुस्तक शोधायला सुरुवात केली. मुलगा बोलत नाही. तर ज्याच्याविषयी तो बोलत नाही ते आपण दुसरीकडून जाणून घ्यावे, म्हणजे त्याच्याशी बोलायला निदान एक वाक्य सापडेल, एवढीच त्यामागची कल्पना. मुलाने पुन्हा आपल्याशी बोलावे, याखेरीज आता त्यांना काही नको होते.

वाचून दाखवायला त्यांनी अलका चौबळ यांना गाठले. अलकाबाई पुण्याकडच्या, नवऱ्याच्या नोकरीबरोबर म्हैसुरात आल्या त्याला बरीच वर्षे झाली होती. यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणणे हा त्यांचा घरबसल्या व्यवसाय होता. हणमंतराव त्यांचे ब्लाउज शिवत आणि, त्यांच्या मराठीचे अप्रूप वाटत असल्यामुळे, ते बोगादीला त्यांच्या घरी स्वतः नेऊन देत. रविवारी सकाळी अलकाबाई जेवणाच्या टेबलाशी पुस्तक उघडत, एक परिच्छेद मनात वाचत आणि मराठीत सांगत.

पहिले पुस्तक हणमंतरावांना सुरुवातीला फार आवडले. त्यात बंदुकांचे सुटे भाग रेघांनी आखून शेजारी शेजारी मांडले होते. "हे कटिंगचं पुस्तक हाय की, बाई!" ते म्हणाले. "ही बाही, ही कॉलर." कुठल्या लढाईत कुठल्या देशाने नळी किती लांब ठेवली, दुर्बीण कुठे बसवली, दस्त्याच्या लाकडाला गाल टेकायला उंचवटा का दिला, हे सारे त्यात होते. गाल टेकायच्या चित्रापाशी ते थांबले. धनुष घरी आल्यावर त्याच्या शर्टाचे माप घेताना त्याचा उजवा खांदा पूर्वीपेक्षा पुढे आल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. ओझी उचलून झाले असेल, असे समजून त्यांनी त्या बाजूला कापड सैल सोडले होते.

"ही बंदूक कुणाला लागली, ते नाही दिलेलं?" त्यांनी विचारले.

"नाही. वजन दिलंय, पल्ला दिलाय."

दुसरे पुस्तक एका गोऱ्या शिपायाने स्वतःविषयी लिहिलेले होते. मारलेल्यांचा आकडा मुखपृष्ठावरच छापला होता. अलकाबाईंनी दोन रविवार ते निष्ठेने वाचले. तिसऱ्या रविवारी त्यांनी ते पालथे ठेवले. "हणमंतराव, हा मनुष्य प्रत्येक पानावर कुणालातरी मारतो आणि पुढच्या पानावर नाश्ता करतो. मला स्वयंपाकघरात गेलं तरी हाच दिसतो. आणखी किती वाचायचं?"

"ज्याला लागली त्याचं पुढं काय झालं, ते कुठंतरी येत असंल."

"नाही येत. मी शेवटपर्यंत चाळून पाहिलं."

"मग हे अर्धंच शिवलंय," हणमंतराव म्हणाले. "उपेंद्राला परत देतो."

उपेंद्रने पुस्तक परत घेताना हसून घेतले. "मास्टर, तुम्ही माप देऊन पुस्तक शिवून घ्यायला निघालात. असलं तयार मिळत नाही."

उपेंद्र म्हणाला त्यात तथ्य होते. या विषयावरची बहुतेक पुस्तके ज्यांच्यासाठी लिहिली जातात त्यांना शस्त्र जवळून पाहायचे असते आणि त्या शस्त्राने केलेले काम लांबून. पुस्तकात तपशील किती आहेत यावरून ते चांगले ठरत नाही, तर ते तपशील कुठे थांबतात यावरून ठरते, हे हणमंतरावांना असे मांडता आले नसते. पण एवढ्या रविवारांत ते त्यांच्या हाताला कळले होते, कापडातले सूत कळावे तसे. अलकाबाईंनाही ते पटले. त्यांनी त्या विषयातल्या अभ्यासकांचे लेख धुंडाळले, दोन-तीन परीक्षणे वाचली आणि एक पुस्तक स्वतःच मागवले. ते एका इतिहासाच्या प्राध्यापिकेने जुन्या मुलाखतींवरून लिहिले होते आणि त्यात चित्रे नव्हती.

"या बाईंना बंदुकीची माहिती आहे," त्या म्हणाल्या, "पण बंदुकीचं प्रेम नाही. हे वाचू या."

त्या पुस्तकातून हणमंतरावांना आधीच्या दोन पुस्तकांत नसलेले कळत गेले. असे शिपाई जोडीने राहतात. एक दुर्बिणीतून पाहतो, दुसरा बंदूक धरतो. त्यांच्याच बाजूच्या सैनिकांना ते नकोसे असतात, कारण ते एक गोळी झाडून निघून जातात आणि उत्तरादाखल येणारे तोफगोळे खंदकात मागे राहिलेल्यांवर पडतात. शत्रूच्या हाती लागले तर त्यांना कैदी म्हणून वागवण्याइतकी दयाही पुष्कळदा मिळाली नाही. आणि इतर शिपायांप्रमाणे त्यांना "गर्दीत कुणाची गोळी कुणाला लागली कोण जाणे" असे स्वतःला सांगता येत नाही. त्यांना दिसलेले असते. अनेक दिवस त्याच माणसावर डोळा ठेवायचा असतो. तो कसा चालतो, कुणाशी हसतो, हे पाठ झालेले असते. एका म्हाताऱ्याने त्या बाईंना सांगितले होते की युद्धानंतर त्याला घरच्यांचे चेहरे निरखून पाहण्याची भीती वाटू लागली.

हणमंतरावांनी चहाचा कप पुढे सारला. "खिडकीत बसतो तेव्हा तो रस्त्याकडं बघत नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं बघतो. तो कबुतराकडं बघतो. सुम्ने, उगाच. त्याला माणूस बघायचा नसतो." अलकाबाईंनी पान उलटले.

पुढचे प्रकरण एका कोवळ्या शिपायाचे होते. अलकाबाई परिच्छेद मनात वाचून सांगू लागल्या: "तो समोरच्या एका माणसावर बरेच दिवस लक्ष ठेवून असतो. मग हुकूम येतो. तो श्वास सोडतो, थांबतो, गोळी झाडतो. आणि त्याचा नेम चुकतो."

"काय चुकतो?"

"नेम."

हणमंतराव हसले. "बाई, इंग्रजांच्यात कुठला नेम? त्यांची काय एकादशी असती काय?"

अलकाबाईही हसल्या. "तो नेम नव्हे हो! नेम म्हणजे निशाणा. नेम धरणे, नेम साधणे. तुमच्यात काय म्हणतात?"

"गुरी." हा कानडी शब्द उच्चारताना हणमंतरावांचा आवाज बारीक झाला. "गोळीची, दगडाची, गोट्यांची... गुरी म्हणतो आम्ही. नेम देवाचा."

"दोन्हीला एकच शब्द आहे आमच्याकडे. गोट्या खेळतानासुद्धा पोरं ओरडतात, नेम चुकला, नेम चुकला."

"पलटणीतल्या पोरांना ठाऊक असंल?"

"मराठी पलटणीत? असणारच की."

"आणि समजा एकानं म्हटलं, माझा नेम चुकला. आणि दुसरा म्हणाला, परत धर." त्यांनी टेबलाची कड धरली होती. "तर त्याचा अर्थ काय होतो?"

"पुन्हा निशाणा धर. म्हणजे... आता मार." अलकाबाईंनी मान वर केली. "हणमंतराव, काय झालं?"

त्यांनी फोनची हकीकत सांगितली. देवळात ती कौतुकाने सांगितल्याचेही सांगितले. ऐकता ऐकता अलकाबाईंनी पुस्तक मिटले. मग त्या घाईने, एखाद्याला पाण्यातून ओढून काढावे तशा म्हणाल्या, "पण मग हे त्याला सांगा ना! आजच सांगा. तुम्ही एकादशीबद्दल बोलत होतात. तुम्ही तसलं काही सांगितलंच नव्हतं. तुमचा काही दोष नाही यात."

"माझा नाही," हणमंतराव म्हणाले.

बोगादीहून परतताना बसमध्ये हेच दोन शब्द त्यांच्या मनात फिरत राहिले. माझा नाही, तर मग कुणाचा? चुकले होते तेव्हा पोराने बापाला विचारले. बाप म्हणाला, परत धर. त्याने धरला. इतके दिवस तो गप्प आहे, एकादशीला आपल्यादेखत मुद्दाम भात वाढून घेतो, ते या रागाने असेल; पण राग धरायला त्याच्यापाशी एक माणूस तरी आहे. आता आपण सांगायचे की मी तसे म्हणालोच नाही. आपण मोकळे होऊ. आणि समोरच्या माणसाला कुणाच्या सांगण्यावरून मारले, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच्याजवळ कुणीच उरणार नाही, तो एकटा उरेल. एका बाजूची शिवण उसवली की सगळा ताण दुसरीवर येतो, हे शिंप्याला कुणी शिकवावे लागत नाही. घरी पोचेपर्यंत त्यांचे ठरले होते. आपल्याला काही कळलेले नाही, असेच राहायचे. आणि त्याने कधी विचारलेच, तर ओझे आपल्याकडे घ्यायचे.

पुस्तक अलकाबाईंनी हणमंतरावांच्या पिशवीत टाकले होते. दोन दिवसांनी दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, ब्लाउजची मापे शोधायला धनुषने ती पिशवी उपडी केली. तो इंग्रजी वाचू शकत होता. हणमंतराव आत आले तेव्हा तो कापण्याच्या मेजाशी उभा होता आणि पुस्तक उघडलेले होते.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तुम्हाला वाचता येतंय?"

"अलकाबाई वाचतात. मी ऐकतो."

"कशाला?"

हणमंतराव मशीनच्या स्टुलावर बसले. "तू बोलत नाहीस म्हणून."

धनुषने पाने उलटली, पण तो वाचत नव्हता. मग मान न उचलता त्याने विचारले, "अप्पा, त्या दिवशी फोनवर मी म्हणालो होतो, माझा नेम चुकला. आठवतं?"

"आठवतं."

"तुम्हाला तेव्हा काय कळलं होतं?"

रस्त्यावरून कुणीतरी गाडा ढकलत गेले. "कळलं होतं," हणमंतराव म्हणाले. "तू काय विचारतोयस ते मला कळलं होतं."

"खरं?"

"खरं."

"आणि तरी म्हणालात, परत धर."

"म्हणालो."

धनुष खाली बसला. मेजाला पाठ लावून, जमिनीवर. त्याचा चेहरा हणमंतरावांना दिसत नव्हता. बोलायला लागला तो कानडीत लागला, आणि त्याला शब्द शोधावे लागले नाहीत.

"तो रोज सकाळी बाहेर यायचा आणि दात घासायचा. खूप वेळ. तुम्ही घासता तसा, इकडून तिकडे फिरत, कुणाशीतरी बोलत, ब्रश तोंडातच. मी त्याला इतके दिवस बघत होतो की तो आज उशिरा उठला तर मला कळायचं. त्या सकाळी मी मुद्दाम गोळी बाजूला मारली. जोडीदाराला सांगितलं, चुकली. वर कळवलं, चुकली. माझी कधी चुकायची नाही, तरी सगळ्यांनी विश्वास ठेवला. मग मी तुम्हाला फोन केला. फोनवर सगळे ऐकत असतात, दुसरं काय सांगणार? मला वाटलं, अप्पा म्हणतील, जाऊ दे. बिडु, सोड ते, म्हणतील. तेवढं ऐकायला केला होता फोन."

हणमंतरावांनी स्टूल त्याच्याकडे थोडे सरकवले.

"दुसऱ्या दिवशी तो परत आला. घाबरून आत बसायला नको? आला. ब्रश घेऊन."

मग धनुष मराठीत, घरातल्या जुन्या, आईकडून आलेल्या मराठीत म्हणाला, "मी इतके दिवस काय धरून होतो सांगू? अप्पांना कळलंच नसंल, असं. अप्पांना एकादशीच वाटली असंल. घरात नेम म्हणजे एकादशीच. मी केलं ते केलं, पण अप्पांनी तसं सांगितलं नव्हतं. तेवढं एक बरं होतं. विचारायला भ्यालो ते म्हणूनच."

हणमंतराव स्टुलावरून उठले तेव्हा स्टूल मागे कलंडले. "धनुष, एकादशीच रे! मला एकादशीच वाटली होती. परवा त्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, देवाशपथ. तुला एकट्याला जड होईल म्हणून मी आता..."

"राहू द्या, अप्पा."

"अरे खरं सांगतो, देवळात जाऊन विचार, मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं, पोराची एकादशी चुकली..."

"आता माझ्यासाठी म्हणून खोटं बोलू नका." धनुषच्या आवाजात राग नव्हता. तो बराचसा थकलेला आणि थोडासा सौम्य होता, एखाद्या म्हाताऱ्या साहेबाशी बोलावे तसा. "पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही खरं ते बोललात."

त्यानंतरही हणमंतरावांनी प्रयत्न सोडले नाहीत. देवळातल्या एका वृद्ध टाळकऱ्याला त्यांनी घरी आणले. त्याला ती हकीकत आठवत होती आणि त्याने ती सांगितलीही. धनुषने त्याला पाणी दिले, दारापर्यंत पोचवले आणि आत येऊन म्हणाला, "त्यांना कशाला त्रास दिला? लोकांना तुम्ही एकादशी नाही तर काय सांगणार होता?" अलकाबाई येऊन बोलून गेल्या. त्यांचेही त्याने शांतपणे ऐकून घेतले.

मात्र त्या दुपारपासून धनुष बोलतो. दुकान बंद असते त्या वेळात, जमिनीवर बसून, तो तिथले सगळे सांगतो: कुठल्या दगडाआड किती वेळ पडून राहावे लागे, वारा कसा मोजत, जोडीदार काय कुजबुजे, समोरची माणसे कोण होती. काही वगळत नाही. काम करून आलेला माणूस ज्याने कामावर धाडले त्याला जसा तपशील देतो, तसा तो देतो, आणि मध्येच हणमंतराव मशीनवर वाकलेले दिसले तर थांबतो.

"अप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. सांग."